दुकान बंद झाल्यावर सुरू होणारी पाळी

महाराष्ट्र शासनाने 1 ऑक्टोबर 2025 रोजी शासन निर्णय काढून राज्यातील दुकाने, मॉल, उपाहारगृहे व अन्य आस्थापना आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास उघड्या ठेवता येतील, असे स्पष्ट केले. मद्यविक्रीची व तत्सम ठिकाणे तेवढी यातून वगळण्यात आली. वास्तविक ही मुभा 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातच होती; परंतु स्थानिक पोलीस व प्रशासन रात्री दुकाने बंद करावयास लावतात, अशा तक्रारी आल्यामुळे शासनाला तिचा पुनरुच्चार करावा लागला. त्यानंतर वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती व्यापारवृद्धीची, पर्यटनाची, पोलिसांवर पडणाऱ्या ताणाची आणि मुंबईच्या तथाकथित रात्रजीवनाची. दुकान रात्री उघडे असावे की नसावे, याविषयी ज्याने त्याने आपले मत मांडले. दुकान बंद झाल्यावर आत कोण असते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही.

आमच्या मते खरा प्रश्न तेथेच आहे. आपल्या गावच्या वाण्याकडे जिन्नस मागावा लागे आणि तो आतून काढून देई. मोठ्या स्वयंसेवा दुकानाचे तंत्रच निराळे. तेथे जिन्नस न मागताच दिसला पाहिजे, हाताशी आला पाहिजे, आणि मांडणी कधीही रिकामी दिसता कामा नये. दिवसभर गिऱ्हाइकांच्या ढकलगाड्या फिरत असताना मालाची खोकी मधल्या वाटेत आणून फोडता येत नाहीत. म्हणून शेवटचे गिऱ्हाईक गेले की मागचे दार उघडते. संध्याकाळी आलेला ट्रक रिकामा होतो. खोकी विभागवार वेगळी केली जातात, लाकडी फळ्यांवर रचून हातगाडीने त्या त्या रांगेपर्यंत ओढत नेली जातात. मग सुरीने खोके फाडायचे, जुना माल पुढे ओढायचा, नवा मागे सारायचा, किमतीची चिठ्ठी पाहायची, रिकामे खोके चपटे करून बाजूला टाकायचे आणि पुढच्या खोक्याला हात घालायचा. खालच्या फळीसाठी गुडघ्यांवर, वरच्या फळीसाठी शिडीवर. तेलाचे डबे, साबणचुऱ्याच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मांजराकुत्र्यांच्या खाद्याची पोती, सारे त्याच दोन हातांनी. पहाटेच्या सुमारास सगळी बाटल्या-डबी ओढून कडेला आणून तोंडे पुढे करावयाची, म्हणजे सकाळी आठला येणाऱ्या बाईंना वाटावे की येथे कालपासून कोणी काही घेतलेलेच नाही.

या कामाचे माहेरघर अमेरिका. 1962 साली सॅम वॉल्टन यांनी आर्कान्सा राज्यातील रॉजर्स या छोट्या गावी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. आज त्या देशात या एकाच कंपनीची साडेचार हजारांहून अधिक दुकाने असून तेथे सुमारे सोळा लाख माणसे काम करतात. तिची बरीच मोठी दुकाने वर्षानुवर्षे चोवीस तास उघडी असत. मार्च 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, कंपनीने ती रात्री बंद ठेवण्यास सुरुवात केली. कारण सांगितले गेले ते साफसफाई आणि माल भरणे यांसाठी वेळ हवा हे. साथ ओसरली, तरी चोवीस तासांची जुनी वेळ काही परत आली नाही. रात्री गिऱ्हाईक नसले की दुकान चालते, किंबहुना माल अधिक सुरळीत लागतो, असा धडा त्यातून मिळाला असावा. परंतु रात्रपाळीचा कामगार? तो होता तेथेच राहिला. दिवे चालू, दारे बंद, आणि आत रात्री दहापासून सकाळी सातपर्यंत माल लावणारी माणसे. चोवीस तास उघडे दुकान हे रात्रीच्या श्रमाचे फक्त एक रूप आहे. बंद दुकान हे दुसरे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

न दिसण्याचे परिणाम काय होतात, याचीही साक्ष तेथेच मिळते. जानेवारी 2004 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकाने वृत्त दिले की, चोरी टाळण्याच्या हेतूने या कंपनीच्या काही दुकानांत रात्रीच्या कामगारांना बाहेरून कुलूपबंद ठेवले जात असे. दुखापत झाली, तरी किल्ली असलेला अधिकारी येईपर्यंत बाहेर पडणे अवघड. आगीच्या वेळी उघडणारे दार होते. पण आग नसताना ते उघडल्यास नोकरी जाईल, अशी भीती घातली जाई, असे कामगारांनी सांगितले. कंपनीने पुढे रात्रपाळीत किल्ली असलेला अधिकारी ठेवण्याची व्यवस्था केल्याचे म्हटले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर 2003 मध्ये, अमेरिकी सरकारने या कंपनीच्या साठ दुकानांवर एकाच वेळी छापे घालून रात्री फरशा पुसणाऱ्या सुमारे अडीचशे परदेशी कामगारांना ताब्यात घेतले. ते कंत्राटदारांची माणसे होती, कागदपत्रांविना आलेली. दिवसा त्या फरशीवरून चालणाऱ्या हजारो गिऱ्हाइकांपैकी त्यांचा चेहरा कोणी पाहिला होता? सरकारी खटला 2005 मध्ये 1 कोटी 10 लाख डॉलर भरून मिटविण्यात आला.

हे सारे आम्ही एखाद्या कंपनीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे म्हणून लिहीत नाही. तिच्यासारख्या अनेक आहेत, आणि आज अमेरिकेत या कामाला मिळणारे वेतन तेथील 2009 पासून न बदललेल्या तासाला सव्वासात डॉलरच्या राष्ट्रीय किमान वेतनाहून पुष्कळ अधिक आहे, हेही मान्य केले पाहिजे. मात्र रात्री काम केल्याबद्दल जादा मोबदला दिलाच पाहिजे, असा तेथील केंद्रीय कायदा नाही. मालक देतो तो त्याच्या मर्जीने.

रात्री काम करणे हे मुळातच अन्यायाचे आहे, असेही आम्ही म्हणत नाही. आपल्या वसईच्या लोकांना तर तसे म्हणण्याचा अधिकारच नाही. पाचूबंदर आणि अर्नाळ्याचे कोळी बांधव भरतीओहोटी पाहून रात्री-अपरात्री होड्या लोटीत आले. बागायतदार घरांतील माणसे भाजीच्या, फुलांच्या, केळीच्या पानांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या अंधारात पहिल्या गाडीने दादरला जात. परिचारिका, रेल्वेचे मोटरमन, अग्निशमन दलाचे जवान रात्री जागतात म्हणून आपण निजतो. परंतु कोळ्याला जागविणारा समुद्र असतो आणि परिचारिकेला जागविणारा रुग्ण. मांडणीवरचा बिस्किटांचा पुडा सकाळी आठऐवजी दुपारी लागला, तर कोणाचा जीव जाणार आहे? येथे रात्र लागते ती गिऱ्हाइकाची दिवसाची वाट मोकळी राहावी म्हणून. ती सोय आपल्याला हवी असेल, तर तिची किंमत कोण देतो, हे पाहणे आपल्याला चुकवता येणार नाही.

ती किंमत प्रथम शरीर देते. मानवी देहातील घड्याळ पेशीपेशीत कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मालकाच्या हजेरीपुस्तकाप्रमाणे फिरत नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान देहाचे तापमान उतरते, लक्ष सैल पडते, हातातील सुरी निसटते. सकाळी घरी येऊन निजावे, तर प्रकाश, रहदारी, शेजारचा टीव्ही आणि दारावरची घंटा. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेहून बहुधा तोकडीच पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने शरीराचे घड्याळ बिघडविणाऱ्या पाळीच्या कामाचा समावेश 2007 साली 'बहुधा कर्करोगास कारणीभूत' या गटात केला आणि 2019 साली नव्या पुराव्यांच्या आधारे रात्रपाळीविषयी तोच निष्कर्ष कायम ठेवला. वाचकांनी यावरून घाबरून जाऊ नये. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे हे सांगते, धोका किती मोठा आहे हे नव्हे. तांबड्या मांसाचाही समावेश त्याच गटात आहे. पण घरातील मुलगा वर्षानुवर्षे रात्रपाळी करीत असेल, तर तो 'दिवसभर लोळतो' असे म्हणण्याआधी आईवडिलांनी थोडे थांबावे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1990 साली रात्रीच्या कामाविषयी करार क्रमांक 171 संमत केला. मोफत आरोग्यतपासणी, तपासणीत अपात्र ठरलेल्यास शक्य तेथे दिवसाचे काम, वेतनात वा कामाच्या तासांत योग्य भरपाई, गरोदर मातांना पर्यायी काम अशा तरतुदी त्यात आहेत. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. अमेरिकेनेही नाही.

आपल्याकडील कायद्यात याबाबत आधार आहे तो मुख्यतः 'संमती' या शब्दाचा. 2017 च्या अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीकर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय काम लावता येत नाही. संमती असल्यास सुरक्षितता, वाहतूक इत्यादी व्यवस्था मालकाने करावयाची असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या चार कामगार संहितांमध्येही स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी संमतीचीच अट आहे. स्त्रियांना काम करण्याचे स्वातंत्र्य असावे, याविषयी दुमत नाही. परंतु घरभाडे थकले आहे, मुलाची शाळेची फी भरावयाची आहे आणि नकार देणारीला पुढील महिन्यात दिवसाची पाळीही मिळत नाही, अशा स्थितीत कागदावर केलेली सही ही संमती असते काय? पुरुष कामगाराला तर असे विचारण्याचीही कायद्याला गरज वाटत नाही. पोप तेरावे लिओ यांनी 1891 सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हाच मुद्दा मांडला आहे. मालक व कामगार यांनी आपखुशीने करार केला, तरी त्याच्याही वर निसर्गन्यायाची एक मर्यादा असते. गरजेपोटी वा अधिक वाईटाच्या भीतीपोटी माणसाने कठीण अटी पत्करल्या, तर तो जुलमाचा बळी ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. 8 मे 2025 रोजी निवडून आलेल्या पोपमहोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाचे स्मरण केले होते. त्यामुळे ते जुने झाले, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

दुसरी किंमत रविवारची. आपला कायदा प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी देतो. ती रविवारीच असावी, असे म्हणत नाही. ज्या दुकानाचा सर्वांत मोठा गल्ला शनिवार-रविवारी जमतो, तेथे कामगाराला सुटी मिळते ती मंगळवारी वा बुधवारी. त्या दिवशी पत्नी कामावर असते, मुले शाळेत असतात आणि चर्च रिकामे असते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 च्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स' या परिपत्रकात श्रमिकाच्या हक्कांमध्ये नियमित साप्ताहिक विश्रांती गणली आणि तीत निदान रविवार तरी असावा, असे म्हटले. 1998 च्या 'दिएस दोमिनी' या प्रेषितीय पत्रात त्यांनी प्रभूच्या दिवसाचे अधिक विस्ताराने चिंतन केले. विश्रांती म्हणजे नुसते काम नसणे नव्हे. घरातील सगळी माणसे एकाच वेळी मोकळी असली, तरच ती सणाची, लग्नाची, मयताची, मिस्साची होते.

यावर काही करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी पोलंडकडे पाहावे. तेथे 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेच्या पुढाकाराने पाच लाखांहून अधिक नागरिकांच्या सह्यांचे विधेयक 2016 मध्ये संसदेपुढे गेले, बिशपांनी त्याला पाठिंबा दिला आणि मार्च 2018 पासून रविवारी दुकाने टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. 2020 पासून वर्षातील मोजके रविवार वगळता मोठी दुकाने बंदच असतात. आम्हांला त्या कायद्यातील एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. त्याने केवळ विक्रीवर नव्हे, तर मालसाठा हाताळणे, मोजदाद करणे यांसारख्या विक्रीशी निगडित कामांवरही रविवारी बंदी घातली. म्हणजे दर्शनी दार बंद करून मागच्या दाराने माल भरण्याची पळवाट कायदा करणाऱ्यांनी आधीच ओळखली होती. पळवाटा तरीही निघाल्या. टपालसेवा देणाऱ्या दुकानांना सूट होती, तेव्हा बड्या दुकानांनी पार्सले घेण्यास आरंभ केला आणि ती पळवाट 2022 साली बुजवावी लागली. भारतासारख्या बहुधर्मीय देशात रविवार सर्वांवर लादावा, अशी मागणी आम्ही करणार नाही. ती योग्यही नाही. परंतु महिन्यातून ठरावीक रविवार, वा ज्याचा त्याचा उपासनेचा दिवस, आधी कळविलेल्या वेळापत्रकाने मिळावा, एवढे मागण्यास काय हरकत आहे?

प्रत्यक्षात वारे उलट दिशेने वाहत आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाचे दैनंदिन तास नऊवरून दहा करण्यास आणि हा कायदा दहाऐवजी वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लावण्यास मान्यता दिली. पंधरा माणसे रात्री माल लावीत असतील, तर त्या दुकानाच्या दारात कायदा थांबला, असा याचा अर्थ होतो. याच महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कामगारांचा कायदा करून ओझे वाहणाऱ्या हमालाला मंडळ, भविष्यनिर्वाह निधी आणि प्रतिष्ठा मिळवून दिली होती. वातानुकूलित दुकानात टी-शर्ट घालून तेच ओझे उचलणारा तरुण स्वतःला हमाल म्हणवून घेणार नाही, आणि कंत्राटदार तर नाहीच नाही. भिवंडीच्या गोदामांत रात्रभर माल काढणारी व भरणारी आपली मुले याच वर्गात येतात. पाळी रात्री एकला सुटली, तर पहिल्या लोकलपर्यंत फलाटावर बसून राहणे हा त्यांच्या कामाचाच भाग. मात्र त्याचे तास कोणी मोजत नाही.

समुद्रापलीकडे गेलेल्या मुलांची कथा याहून वेगळी नाही. आपल्या धर्मग्रामांतील एका माउलीचा मुलगा कॅनडातील ओंटारियो प्रांतात शिकावयास गेला आहे आणि एका मोठ्या दुकानात रात्री माल लावतो. ती संध्याकाळी साडेसातला तेर्स सुरू करते, तेव्हा तेथे थंडीच्या दिवसांत सकाळचे नऊ वाजलेले असतात. तो पाळी संपवून खोलीवर आलेला असतो आणि फोन उशाशी ठेवून प्रार्थनेत सामील होतो. 'दुसऱ्या रहस्याला त्याचा आवाज बंद होतो,' असे तिने आम्हांला सांगितले. 'मग मी फोन तसाच चालू ठेवते. निदान श्वास ऐकू येतो.' त्या देशात नोव्हेंबर 2022 ते एप्रिल 2024 या काळात विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांवरील मर्यादा तात्पुरती उठविली होती; नोव्हेंबर 2024 पासून सत्रकाळात आठवड्याला चोवीस तासांची मर्यादा आहे. आठ तासांच्या तीन रात्री भरल्या की मर्यादा संपली. त्या तीन रात्रींच्या दुसऱ्या दिवशी वर्गात तो किती जागा असतो, हे फी भरण्यासाठी जमीन गहाण टाकणाऱ्या वडिलांना ठाऊक नसते, आणि मुलगा सांगत नाही. परदेशी पाठविण्यापूर्वी घराघरांतून व्हिसा, विमानाचे तिकीट व स्वेटर यांची जेवढी चर्चा होते, तिच्या चौथा हिस्सा तरी या रात्रींची व्हावी.

धर्मग्रामांनाही काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी शासनाची वाट पाहावी लागत नाही. शनिवारी रात्री कामावर जाणारा माणूस रविवारी सकाळच्या मिस्साला आला, तर तो डोळे ताणून बसलेला असतो. न आला, तर शेजारीपाजारी त्याला आळशी ठरवितात. शनिवार संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, ही गोष्ट अनेकांना आजही नीट ठाऊक नाही. ज्याला तेही शक्य नाही, त्याने आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. योग्य कारणासाठी सूट देण्याचा अधिकार धर्मनियमानेच त्यांना दिला आहे. धर्मग्रामात रात्रपाळी करणारी घरे किती आणि ती कोणती, याची नोंद लहान ख्रिस्ती समूहांनी केली, तर घरभेटी, घराचा आशीर्वाद, मुलांच्या धर्मशिक्षणासाठी पालकांच्या सभा यांच्या वेळा त्यांच्या झोपेत येणार नाहीत. रविवारी सकाळी ध्वनिवर्धकाचे तोंड कोणाच्या खिडकीकडे आहे, हेही एकदा पाहून घ्यावे.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण? इतरांना प्रभूचा दिवस पाळणे अशक्य व्हावे अशा अनावश्यक मागण्या करू नयेत, अशी ख्रिस्तसभेची शिकवण कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात स्पष्ट आहे. रविवारी मिस्सा आटोपून सहकुटुंब मॉलमध्ये जाण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. अमेरिकेत आभारप्रदर्शनाच्या सणादिवशीच संध्याकाळी दुकाने उघडण्याची चढाओढ 2011 पासून लागली होती. 2020 साली वॉलमार्टसह अनेकांनी त्या दिवशी दुकाने बंद ठेवली आणि पुढेही बंदच ठेवीत आले. त्यामुळे कोणाचा धंदा बुडाल्याचे ऐकिवात नाही. गेल्या नाताळात वसई परिसरातील किती आस्थापनांनी 24 डिसेंबरच्या रात्री आपल्या ख्रिस्ती कामगारांना मध्यरात्रीच्या मिस्सासाठी मोकळे केले, याची माहिती वाचकांनी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात द्यावी. येत्या आगमनकाळापूर्वी त्या त्या आस्थापनांच्या व्यवस्थापकांना धर्मग्रामाच्या वतीने विनंतीपत्र पाठविता येईल.